उजवीकडे पाहा

सकाळी सहाला जहाज धक्क्याला लागलं,
गावापेक्षा उंच.
आमच्याकडे सगळ्यांत उंच म्हणजे चर्चचा कळस,
तोही मागच्या वादळात जरा कललेला.

चार नंबरची बस माझी.
अठ्ठेचाळीस जागा, सत्तेचाळीस माणसं,
बारा रात्रींची सहल, सहा समुद्रावर, सहा जमिनीवर.
काल बोटीतून व्हेल दिसला नाही,
म्हणून प्रत्येकी शंभर डॉलर परत मिळालेले,
त्या खुशीत होते.

माझ्यापुढे पुठ्ठ्यावर चिकटवलेला कंपनीचा मजकूर:
मैल दोन, उजवीकडे गरुडाचं घरटं.
मैल चार, विनोद.
(हसण्यासाठी थांबावे.)

धुकं असं, की वायपर नुसतेच
पांढऱ्यावरून पांढरं पुसतायत.
मैल दोन. उजवीकडे पाहा, म्हटलं, गरुडाचं घरटं.
सगळ्यांनी पाहिलं.
एका बाईनं फोटोसुद्धा काढला.
मैल चार. विनोद केला. हसले. भली माणसं.
एवढे पैसे भरून आलेला माणूस
निराश व्हायला सहजासहजी तयार नसतो.

शेवटच्या बाकावर ऑर्व्हिल नावाचा म्हातारा,
खिडकीची जागा कोट टाकून अडवलेली.
माझ्या यादीत त्याच्या आडनावाची दोन माणसं,
एकावर पेनाची रेघ.
मी कोट उचला म्हटलं नाही.

मैल अकरा. इथे उतरून
लाकडी कठड्यापाशी हिमनदी दिसते, असं पुठ्ठा म्हणतो.
पुठ्ठा जुना आहे.
मी सात वर्षांची असताना एल्विनमामा मला इथे आणायचा.
तेव्हा कठडा नव्हता,
बर्फच येऊन थांबलेला असायचा रस्त्यापर्यंत.
मामा आधी तिच्याशी लिंगितमध्ये बोलायचा,
मग मला दटावायचा:
मोठ्यानं हसू नकोस. आणि तिच्यासमोर चरबी तळायची नाही,
तिला तो वास खपत नाही.
आता खाली कंपनीचा तंबू आहे,
सॅमन तळतात, दुपारी साडेबारापासून.

ती वळणामागे गेली.
आजारी माणूस पाहुण्यांसमोर यायचं टाळतं, तशी.
स्वच्छ उजेडात मला बोट दाखवावं लागतं,
तो करडा डाग, त्याच्या वर, नाही, अजून वर,
आणि लोक "हं" म्हणतात,
दवाखान्यात भेटायला गेल्यावर म्हणतात तसं.

पण आज धुकं होतं.
मी काय केलं ते कंपनीला कळवू नका.
पुठ्ठा सीटखाली सरकवला
आणि सांगितली त्यांना माझ्या सातव्या वर्षातली हिमनदी,
वर्तमानकाळात.
समोर आहे, म्हटलं, दगड मारला तर लागेल, मारू नका.
निळी आहे.
शाईच्या बाटलीतून उन्हाकडे बघावं तशी निळी.
रात्री कण्हते,
गावातली कुत्री उठून तिला उत्तर देतात.
तिचा कडा कोसळला
की आमच्या स्वयंपाकघरातल्या बश्या वाजतात,
आई न बघताच हात पुढे करून त्या धरते.

सत्तेचाळीस माणसं कठड्याला रेलून
पांढऱ्याकडे बघत राहिली.
कॅमेरा कुणीच वर केला नाही.

ऑर्व्हिल सगळ्यांत शेवटी चढला. पायरीवर थांबून,
हळू आवाजात: "वर्ना, नाहीये ना ती तिथे?"
"नाही," म्हटलं. "तीन मैल मागे आहे."
"वाटलंच. चाळीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली मी.
बर्फ जवळ असला की आधी कानाच्या पाळीला कळतं."
मी माफी मागणार होते.
तो म्हणाला, "बश्यांचं खरं होतं?"
"बश्यांचं खरं होतं."
मग मागे जाऊन बसला,
कोट उचलून मांडीवर घेतला
आणि खिडकीपाशी सरकला.

परतताना मैल चारला
चुकून तोच विनोद पुन्हा केला.
पुन्हा हसले.

उद्या ऊन आहे म्हणतात.
पुठ्ठा शोधायला हवा.